डिजिटल्स म्हणजे चेहऱ्याचा सातबारा

डिजिटल्स म्हणजे नवा चेहरा खरा कसा दिसतो ते एजन्सीला दाखवणारे साधे, मेकअप-रिटच नसलेले फोटो. त्यावर आलेला प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात लग्नाची कामं करणारे एक स्टुडिओवाले लिहितात: ‘आमच्या गल्लीतल्या १९ वर्षांच्या मुलीची उंची पाच फूट नऊ इंच आहे. मुंबईच्या एका मॉडेलिंग एजन्सीने तिच्याकडे डिजिटल्स मागितले. मी मऊ उजेडाचे दोन सॉफ्टबॉक्स लावले, मेकअपवाली बोलावली, चाळीस फोटो काढले आणि दोन रात्री बसून संगणकावर रिटच केले. एजन्सीचं एका ओळीत उत्तर आलं, “फोटो छान आहेत, पण हे डिजिटल्स नाहीत.” माझं चुकलं कुठे? यासाठी कुठली लेन्स आणि कुठला लाइट घ्यावा? आणि कोपऱ्यात स्टुडिओचा लोगो टाकला तर चालतो का?’

तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत, पण ते कसे असतील हे डोळ्यांसमोर येतं, कारण माझे पहिले फोटो असेच होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईत एका फोटोग्राफरकडे असिस्टंट होतो. सुट्टीच्या दिवशी स्टुडिओ रिकामा असायचा, तेव्हा ओळखीच्या एका मुलीचे फोटो काढले. केस वळवून खांद्यावर सोडलेले, मागून केसांची कड उजळणारा रिम लाइट, ओठांवर चमक. प्रिंट घेऊन एजन्सीत गेलो. तिथल्या बाईंनी सगळे प्रिंट टेबलावर मांडले, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “हिचे कान कुठे आहेत?” खरंच, चोवीस फोटोंत एकातही कान दिसत नव्हता. मान किती लांब आहे तेही कळत नव्हतं. मी तिला इतकं सजवलं होतं की ती कशी दिसते हेच कुणाला सांगता आलं नसतं.

डिजिटल्स हा शब्द नवा आहे, प्रथा जुनी. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘पोलरॉइड’ असतं, कधी नुसतं ‘पोला’. एजन्सीत नवा चेहरा आला की बुकर, म्हणजे मॉडेलची कामं ठरवणारे, त्याला भिंतीला उभं करून पोलरॉइड कॅमेऱ्याने दोन-चार फोटो काढायचे, खाली पेनाने नाव आणि उंची लिहायचे, आणि ते पाकिटात घालून क्लायंटकडे जायचे. आम्हा फोटोग्राफरांना पोलरॉइड वेगळ्या कारणासाठी लागायचं. फिल्म खर्च करण्याआधी मोठ्या फिल्मच्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याला मागे पोलरॉइडची डबी (बॅक) लावून लाइट बरोबर आहे का ते बघायचं. एजन्सीला मात्र ते आवडायचं ते त्याच्यात लबाडी करता येत नाही म्हणून. मिनिटभरात कागद हातात येतो आणि तोच मूळ असतो. नेहमीच्या पोलरॉइडला वेगळी निगेटिव्ह नसते, त्यामुळे डार्करूममध्ये नेऊन काही ‘सुधारायची’ सोयच नाही. २००८ साली पोलरॉइड कंपनीने इन्स्टंट फिल्म बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर डिजिटल कॅमेरे सगळीकडे आलेच होते. फिल्म गेली, विश्वासाचा तो करार तेवढा उरला, आणि त्याला लोक डिजिटल्स म्हणू लागले.

म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की पोर्टफोलिओ ही जाहिरात आणि डिजिटल्स हा सातबारा. जमीन विकत घेणारा आधी सातबारा बघतो. शेतात सूर्यास्ताच्या वेळी काढलेला फोटो बघून कुणी व्यवहार करत नाही. क्लायंटला मुलगी सुंदर आहे का हे विचारायचंच नसतं, ते त्याला दिसतं. तिच्यावर माझे कपडे कसे बसतील, माझा मेकअप आर्टिस्ट या चेहऱ्याचं काय करू शकेल, आणि शूटच्या दिवशी दारातून जी आत येईल ती हीच असेल ना, एवढं त्याला हवं असतं. तुम्ही सातबारा मागितल्यावर माहितीपत्रक पाठवलंत. चूक एवढीच.

ही चूक आपल्याकडे जास्त का होते, तर आपलं शिक्षणच उलट झालेलं असतं. लग्नाच्या कामात चेहरा उजळायचा, कातडी गुळगुळीत करायची, हनुवटी खाली आणि मान किंचित कलती ठेवायची. स्थळासाठी फोटो काढायचा तर मुलीला तिपाईवर तिरकं बसवायचं. या सवयी हातात मुरलेल्या असतात. आमच्या पिढीवर तर गौतम राजाध्यक्षांची जबरदस्त छाया होती. त्यांचा तो मऊ प्रकाश, चेहऱ्याभोवतीची ती आभा आम्ही सगळ्यांनी गिरवली. पण ते ज्यांचे फोटो काढत होते, त्यातल्या बहुतेकांचे चेहरे आख्ख्या देशाला पाठ होते. ओळखीच्या चेहऱ्याला स्वप्नासारखं दाखवण्यात मजा आहे. ज्या मुलीला अजून कुणी पाहिलेलंच नाही, तिचं आधी स्वप्न दाखवलं तर बघणारा विचारणारच की खरी कुठे आहे.

आता कामाचं. लाइट विकत घेऊ नका. तुमच्या स्टुडिओत किंवा घरात मोठी खिडकी असेल, शक्यतो उत्तरेची, तर तीच पुरे. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी, मागे साधी भिंत. तुम्ही खिडकी आणि ती यांच्या मध्ये येणार, म्हणून किंचित बाजूला सरका, नाहीतर तुमचीच सावली तिच्यावर पडते. एक बाजू फार काळी पडली तर तिकडे थर्माकोलचा तक्ता धरा. मात्र दोन्ही बाजूंनी प्रकाश ओतून चेहरा सपाट करू नका. गालाचं हाड आणि जबड्याची रेघ वाचता आली पाहिजे. खोलीतले ट्यूब आणि बल्ब बंद. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा असे मिसळले की कातडीचा खरा रंग शोधता शोधता रात्र जाते. खिडकी नसेल तर इमारतीचा जिना, व्हरांडा, गच्चीवरच्या टाकीची सावली चालते. दुपारी बाराचं ऊन नको, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. पावसाळ्यात ढग भरून आले असतील तर आख्खं आकाशच सॉफ्टबॉक्स असतं. माझे सगळ्यात चांगले डिजिटल्स जुलै-ऑगस्टमधले आहेत. झाडाखाली मात्र उभं करू नका. पानांचा हिरवा रंग हनुवटीखाली येऊन बसतो आणि मुलगी आजारी दिसते.

पांढऱ्या भिंतीचा एक जुना सापळा. कॅमेऱ्याचं मीटर भरपूर पांढरं बघून घाबरतं आणि फोटो अंडर, म्हणजे गडद, करतं. भिंत राखाडी येते, सावळी कातडी मातकट होते. मग घाबरून आपण नंतर संगणकावर चेहरा उजळतो आणि तिथेच रंग बिघडतो. काढतानाच पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या आणि एक्स्पोजर मॅन्युअलला बांधून टाका. रंग जुळवायचं राखाडी ग्रे कार्ड असेल तर पहिल्या फ्रेममध्ये तिच्या हातात द्या. सावळ्या मुलीला गोरी करून पाठवणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे. क्लायंटला नेमकी तीच कातडी हवी असू शकते, आणि शूटच्या दिवशी ती तशी नसेल तर मुलीचं काम जातं, तुमचं नाही.

लेन्सबद्दल लोक फार चर्चा करतात, पण चेहऱ्याचा आकार अंतराने ठरतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरा. फोन ४५ सेंटिमीटरवर धरून फोटो काढला तर कान नाकापेक्षा सव्वापट अंतरावर असतात, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. तेच सव्वादोन-अडीच मीटरवरून काढलं तर फरक पाच टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणून आधी मागे जा, मग लेन्स निवडा. फुल फ्रेमवर (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) ८५ मिलिमीटरने दोन-सव्वादोन मीटरवरून छातीपर्यंतचा फोटो छान बसतो. पूर्ण उंचीच्या फोटोला मात्र ८५ लावली तर पाच मीटर जागा लागते, आणि ती छोट्या स्टुडिओत नसते. तिथे ५० घ्या, साडेतीन मीटर पुरतात. तेव्हा कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर आणा. डोळ्यांच्या उंचीवरून काढलं तर पाय तोकडे दिसतात, गुडघ्यावर बसून काढलं तर उगाच लांब. दुसरं जास्त मोहात पाडतं. करू नका, तिची उंची फायलीत लिहिलेली असणारच आहे आणि एजन्सीतल्या लोकांची नजर तयार असते. फोनवर काढायची वेळ आली तर दुप्पट झूमची लेन्स वापरा, मागे जा आणि ब्यूटी मोड बंद आहे ना हे दोनदा बघा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, ४ किंवा ५.६ ठेवा. १.४ वर काढून कान धूसर करण्याचा शौक इथे नको. कानाची माझी कथा वर सांगितलीच.

कपड्यांत अंगाला बसणारी काळी किंवा पांढरी बिनबाह्यांची बनियन आणि साधी निळी जीन्स, पाय दिसतील अशी. मुलींसाठी साध्या हील्स, शिवाय एक फोटो अनवाणी. मुलग्यांसाठी टीशर्ट. दागिने नाहीत, घड्याळ नाही, मनगटावरचा धागा काढता येत असेल तर काढायचा, श्रद्धेचा असेल तर राहू द्या. फाउंडेशन, काजळ, खोट्या पापण्या काही नाही. तोंड धुऊन ओठांना हलकं लिपबाम. केस आदल्या दिवशी धुतलेले. काही फोटो केस मोकळे सोडून, काही घट्ट मागे बांधून. चेहरा समोरून, पाऊण वळलेला, दोन्ही बाजूंनी पूर्ण. एकदा न हसता, एकदा दात दिसतील असं हसून. मग कमरेपर्यंत, मग पूर्ण उंची समोरून, बाजूने आणि पाठमोरी. बारा-पंधरा फोटो पुष्कळ झाले. हल्ली सोबत छोटा व्हिडिओही मागतात: नाव, उंची, कुठे राहते, डावीकडे-उजवीकडे वळणं, चार पावलं चालणं. त्यात कोल्हापुरी मराठीत बोललं तरी चालतं का, असं मला एका मुलीने विचारलं होतं. एजन्सीने भाषा सांगितली नसेल तर बेलाशक चालतं. ओढूनताणून इंग्रजी बोलताना चेहरा आखडतो आणि तेच दिसतं.

इथवर कुणीही शिकेल. अवघड भाग असा की माणसाला ‘नैसर्गिक राहा’ म्हटलं की तो त्या क्षणी नैसर्गिक राहत नाही. शाळेतल्या गॅदरिंगच्या फोटोपासून आपल्याला कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून ताठ उभं राहायची सवय लागलेली असते. त्यात अलीकडची मुलं सेल्फीवर वाढलेली. प्रत्येकीला स्वतःची एक ‘चांगली बाजू’ ठाऊक असते आणि मान आपोआप तिकडे वळते. मी पहिली दहा मिनिटं काढतो ती टाकून देण्यासाठीच, पण हे तिला सांगत नाही. ‘स्माइल’ आणि ‘रिलॅक्स’ हे दोन शब्द तोंडातून काढत नाही. डोळे मिटायला सांगतो, श्वास सोडायला सांगतो आणि डोळे उघडताना बटण दाबतो. उघडलेल्या डोळ्यांत अर्धा सेकंद काहीच ठरवलेलं नसतं. कधी फक्त गप्प बसतो. शांतता पंधरा-वीस सेकंद टिकली की पोज आपोआप गळते, कारण पोज धरून ठेवणं कष्टाचं असतं. ‘झालं, बस’ म्हणून कॅमेरा किंचित खाली घेतो आणि खांदे सैल पडले की एक फ्रेम काढतो. ही लबाडी म्हणाल तर आहे. आधी सांगून ठेवतो की मी असं करीन, तरी ती चालते. हात कुठे ठेवू, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर: कुठेच नाही, लोंबू दे. हातांना काम दिलं की तो फोटो पोर्टफोलिओचा झाला.

या साधेपणाचीही फॅशन झालेली आहे, तेव्हा तिच्यापासून सावध राहा. १९९० च्या जुलैमध्ये ‘द फेस’ या ब्रिटिश मासिकात कॉरिन डे या फोटोग्राफरने काढलेले केट मॉसचे फोटो आले. समुद्रकिनारा, विस्कटलेले केस, हसताना आक्रसलेलं नाक. आदल्या दशकातल्या झगमगाटानंतर ते इतके ताजे वाटले की साऱ्या फॅशनचं वळण बदललं. पुढे युर्गेन टेलर या जर्मन फोटोग्राफरने १९९८ ते ९९ असं वर्षभर, लंडनमधल्या त्याच्या स्टुडिओच्या दाराशी काम मागायला आलेल्या मुलींचे फोटो तिथेच दारात काढले. ते एकामागून एक बघत गेलं की मुलींपेक्षा ती रांगच अंगावर येते: एवढ्या जणी, एकेक करून, निवडल्या जाण्यासाठी उभ्या. ते मोठं काम आहे, पण ते डिजिटल्स नव्हेत. तिथे फोटोग्राफरला स्वतःला काही म्हणायचं होतं. हल्ली काही पोरं कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट तोंडावर मारून, घामेजलेली कातडी आणि लाल डोळे दाखवून ‘रॉ’ फोटो काढले म्हणतात. अनघड दिसणं हाही मेकअपच असतो, फक्त तो फोटोग्राफरने लावलेला.

केट मॉसच्या त्या फोटोंना दुसरी बाजूही आहे. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. त्या दिवसांत इच्छा नसताना आपल्याला कपडे उतरवायला लावलं गेलं आणि आपण रडलो, हे तिने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. चेहऱ्यावरचा तो मोकळेपणा आपण कौतुकाने बघत आलो आणि त्याची किंमत दुसरंच कुणी मोजलेली होती. म्हणून माझे नियम कडक आहेत. अठराच्या आतलं कुणी असेल तर आई-वडिलांपैकी एक जण खोलीत, फक्त जीन्स-टीशर्ट, विषय संपला. अठराच्या पुढचं असलं तरी सोबत कुणाला तरी आणायला सांगतो, खोलीचं दार उघडं ठेवतो आणि कपडे नीट करायला अंगाला हात लावत नाही, तोंडाने सांगतो. काही एजन्सी स्विमवेअरमधले फोटो मागतात. पहिल्या अर्जाला ते लागत नाहीत. पुढे लागलेच तर ते एजन्सीने आपल्या ऑफिसात, करार झाल्यावर, त्यांच्या माणसांसमोर काढावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी ‘कोऑर्डिनेटर’ने मागितले म्हणून कोल्हापूरच्या स्टुडिओतून पाठवू नयेत. तुमच्या गल्लीतल्या मुलीला हे तुम्हीच सांगू शकता, कारण तिला ते सांगणारं दुसरं कुणी बहुधा नसेल.

पैशाचंही तसंच. खरी एजन्सी काम मिळाल्यावर त्यातून कमिशन घेते. नोंदणीची फी मागणारी, किंवा ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पन्नास हजारांचा पोर्टफोलिओ करा’ म्हणणारी, ही फोटोची दुकानं असतात. अंधेरी-ओशिवऱ्यात अशी पाटी लावून बसलेले लोक मी वर्षानुवर्षं बघतो आहे. पाटीवरचं नाव बदलतं, सोफा तोच असतो. तुम्ही स्वतः डिजिटल्सचे पैसे जरूर घ्या, पण तासाभराच्या कामाचे. ते खरंच तासाभराचं काम आहे. तुमची मेकअपवाली, दोन सॉफ्टबॉक्स आणि दोन रात्री हा खर्च त्या मुलीला परवडणारा नव्हता आणि गरजेचाही नव्हता.

रिटच अजिबात नाही. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), क्रॉप, एवढंच. ‘निदान मुरूम तरी?’ असं सगळे विचारतात. मुरूमही राहू द्या. आठवड्याने जाणारा मुरूम बघून कुणी काम नाकारत नाही. तो काढलेला कळला तर मात्र बाकीच्या चेहऱ्यावरचा विश्वास उडतो. दातांतली फट, गालावरचा व्रण, एक भुवई वर, हे तर काढायचंच नाही, बऱ्याचदा तेवढ्यासाठीच बोलावणं येतं. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीच्या फोटोत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर ‘रिटच केलेला फोटो’ असं छापावं लागतं. म्हणजे जाहिरातीलासुद्धा जिथे कबुली द्यावी लागते, तिथे सातबाऱ्यावर खाडाखोड कशी चालेल?

तिला एखाद्या रविवारी सकाळी नऊला परत बोलवा, आईला सोबत आणायला सांगा, शटर अर्धं वर करून उजेड आत घ्या. दहाच्या सुमाराला काम संपलेलं असेल. संध्याकाळी पाठवून टाका. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचे तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर तो दाबून लहान करतो आणि तुमची सगळी मेहनत धुरकट होते. तीन महिन्यांनी किंवा केस कापले की पुन्हा काढावे लागतील हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

लोगोचं विचारलंत. नको. कोपऱ्यातही नको, फिकाही नको. फायलीला मात्र नाव द्या: तिचं नाव, उंची, तारीख.